लाल तेवढा ठेवा

दुपारी झोप आली नाही की मी लॅपटॉपवर जुने फोटो उघडून बसतो. परवा एक सापडला. गच्चीतल्या दोरीवर लाल टॉवेल, मागे पांढरी भिंत, आणि टॉवेलाआडून डोकावणारी भाची. म्हटलं, टॉवेल तेवढा लाल ठेवू, बाकी सगळं ब्लॅक अँड व्हाइट.

या सिलेक्टिव्ह कलरची मी आयुष्यभर टिंगल केलेली आहे. राखाडी जोडप्याच्या हातात लालभडक गुलाब दिसला की मला कसंतरीच होतं. पण ते दुसऱ्यांनी केलेलं असतं. आपण करतो तो प्रयोग.

आधी गंमत म्हणून अख्खा फोटो काळापांढरा केला. तर सगळ्यात भडक टॉवेलच मळकट राखाडी होऊन बसला. या रूपांतराच्या एका जुन्या, टीव्हीच्या काळापासूनच्या हिशेबात हिरव्याला ५९ टक्के वजन, लालला ३० आणि निळ्याला जेमतेम ११. आपल्या डोळ्यांना हिरवा जास्त उजळ दिसतो म्हणून. बिचारा निळा.

मग लाल आणि नारिंगी सोडून बाकी रंगांचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, शून्यावर आणलं. हिरवी कुंडी गेली, आकाश गेलं, भाचीचे गाल मात्र जागच्या जागी. माणूस गोरा असो की काळा, सॉफ्टवेअरच्या लेखी कातडी लाल-नारिंगीच्याच घरातली. नारिंगीही काढला, तर राखाडी चेहऱ्यावर नुसते लाल ओठ उरले. पोर भूत दिसायला लागली.

शेवटी मास्क, म्हणजे वरचा थर हवा तिथे लपवणारा पडदा. वर ब्लॅक अँड व्हाइट लेअर, त्याला मास्क, आणि काळा ब्रश घेऊन घासत सुटायचं. घासाल तिथे खालचा रंग उघडा पडतो. चुकलं की पांढऱ्याने बुजवायचं. ४०० टक्के झूम करून मी टॉवेलाची एकेक दशी सोडवली. तासभर गेला. मान वर करून पूर्ण फोटो बघतो तो टॉवेल कात्रीने कापून चिकटवल्यासारखा! मूळ फोटो पुन्हा उघडल्यावर उलगडा झाला. भिंत पांढरी नव्हतीच. उन्हात टॉवेलाची लाली तिच्यावर उतरली होती, भाचीच्या हनुवटीखालीसुद्धा. तीच मी इमानेइतबारे पुसून टाकली होती.

लाल पसरतो हे मला खरं तर फार आधीपासून माहीत असायला हवं होतं. लहानपणी घरातल्या एका काळ्यापांढऱ्या फोटोत मी स्केचपेनने माझा स्वेटर रंगवला होता. फक्त माझा. गुळगुळीत कागदावर शाई धरेना, तिचे थेंब थेंब होऊन राहिले. म्हणून अंगठ्याने चोळली, ती थेट शेजारच्या दादाच्या बाहीवर गेली. त्याने पाठीत घातलेला धपाटा स्वेटरच्या लालाइतकाच लख्ख आठवतो.

भाचीचा फोटो तसाच ठेवून आईला फोन लावला. म्हटलं, तो लाल स्वेटर कुठे गेला गं?

"लाल? तुझा पिवळा होता."

"मग मी लाल कशाला रंगवला?"

"मला काय माहीत. तेवढं एकच पेन उमटत असेल."