चेकच्या पोटातला शह

गॅस बंद केलाय का चेक कर, मेल चेक केलास का, जाताना टायरमधली हवा चेक करून घे, आईचं बीपी चेक करायचंय, मेन्टेनन्सचा चेक टाकायचा राहिलाय, तो निळ्या चेक्सचा शर्ट इस्त्रीला गेलाय. आमच्या घरात सकाळी नऊच्या आत हे सगळं बोलून झालेलं असतं आणि तुमच्याकडेही फार वेगळं नसणार. पुण्यात दुकानाच्या पाटीवर एक वेलांटी चुकली तरी थांबून सांगणारी माणसं आहेत, पण 'चेक' हा परका शब्द आहे असं त्यातल्याही कोणाला वाटत नाही, इतका तो आपल्यात मुरलाय.

मला शब्दांच्या मागे लागायची जुनी सवय आहे आणि आजवर ज्यांच्या मागे लागले त्यात हा माझा सगळ्यात लाडका शब्द. कारण तपासणं, बँकेतला कागद, कापडावरची चौकडी आणि बुद्धिबळातला शह असे याचे जे अर्थ आहेत ते कुठून कुठून गोळा झालेत असंच कोणालाही वाटेल, पण नाही, ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत, आणि ते घर इंग्लंडात नाही, इराणात आहे. मूळ शब्द शाह, म्हणजे राजा.

झालं असं की बुद्धिबळ आपल्याकडून चतुरंग म्हणून इराणात गेलं, तिथे त्याचं चतरंग झालं, अरबांनी शतरंज केलं. इराणी लोक खेळताना राजावर हल्ला झाला की 'शाह!' म्हणून बजावायचे, की बाबा तुझा राजा सांभाळ. अरबांच्या हातून हा खेळ युरोपात पोचला तेव्हा ती हाकही सोबत गेली. लॅटिनमध्ये तिचं रूप बदललं, जुन्या फ्रेंचमध्ये ती 'एशेक' झाली आणि इंग्रजीत येईपर्यंत पुढचा 'ए' गळून 'चेक' उरलं. त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन इंग्रजीत गेलं ते 'चेस'. म्हणजे चेस हा शब्द मुळात 'शह'चं अनेकवचन आहे! आणि चेकमेट म्हणजे सरळसरळ 'शाह मात'. यातल्या मातचा अर्थ काहीजण अरबीतल्या मरण्यावरून 'राजा मेला' असा लावतात, पण फारसीत मात म्हणजे हतबल, जागच्या जागी थिजलेला असाही अर्थ आहे आणि मला तोच पटतो, कारण बुद्धिबळात राजा कधी मरत नाही, त्याला पटावरून उचलत नाहीत, त्याचे फक्त सगळे रस्ते बंद होतात.

आता शहाचं तपासणं कसं झालं? तर शह बसला की समोरच्याच्या मनात जे काही असेल ते सोडून त्याला आधी राजाचं बघावं लागतं. म्हणजे अडवणं, रोखणं. म्हणून चेकला आधी अडथळा, लगाम असा अर्थ आला. मग लबाडीला लगाम, हिशोबातल्या गडबडीला लगाम, आणि तसा लगाम घालायचा तर ताडून बघावं लागतं, म्हणून तपासणं. आपल्या चेकनाक्यावर हे दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात, आधी गाडी अडवतात आणि मग कागद बघतात.

पण खरी मजा पुढे आहे. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एशेकिए' म्हणायचे, आणि इंग्लंडच्या राजाच्या तिजोरीचा हिशोब जिथे व्हायचा त्या कचेरीला त्यावरूनच 'एक्सचेकर' नाव पडलं. आजही ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात, ते या पटामुळे. दुसऱ्या हेन्रीच्या काळात, ११७० च्या दशकाच्या शेवटी, रिचर्ड फिट्झनील नावाच्या त्याच्या खजिनदारानेच या कचेरीचं कामकाज लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय आणि त्यात त्या टेबलाचं इतकं बारीक वर्णन आहे की डोळ्यासमोर उभं राहतं. साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल, वर ठेवलेलं काही खाली पडू नये म्हणून चारी बाजूंना चार बोटं उंचीची कड, आणि त्यावर ईस्टरच्या वेळी विकत आणलेलं काळं कापड, त्यावर वीतभर किंवा फूटभर अंतरावर रेघा आखलेल्या. त्या रेघांनी रकाने पडायचे, एक पेनीचा, एक शिलिंगचा, एक पौंडांचा, मग वीस पौंडांचा, शंभराचा, हजाराचा, आणि त्यात सोंगट्या मांडत हिशोब करायचा. हे सगळं कशासाठी, तर त्यांच्याकडे तेव्हा रोमन आकडे होते. शून्य नाही, एकं दहं शतं नाही, त्या आकड्यांनी कागदावर बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे शिक्षाच. म्हणून जे काम आपल्याकडे आकड्याची जागा करते ते तिथे कापडाचा रकाना करायचा.

टेबलाच्या एका बाजूला खजिनदार आणि दुसऱ्या बाजूला जिल्ह्याचा वसूल घेऊन आलेला शेरीफ, आणि फिट्झनील म्हणतो की बुद्धिबळात जशी दोन राजांची लढाई तशी इथे या दोघांची. मला या वाक्याचं फार कौतुक वाटतं. साडेआठशे वर्षांपूर्वीचा एक सरकारी अधिकारी आपल्या कचेरीच्या नावाचा असा जीव लावून विचार करतो! (याच कचेरीत पावती म्हणून खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्या द्यायचे. त्या बाद झाल्यावर १८३४ मध्ये पार्लमेंटच्या भट्टीत जाळायला घेतल्या आणि ती आग इतकी भडकली की जवळजवळ अख्खी इमारत जळाली.)

कापडावरच्या चौकडीचा चेक याच पटावरून आला. लक्ष्मी रोडवर कापड घ्यायला गेलात तर काउंटरवरचा माणूस 'बारीक चेक्स दाखवू का मोठे' असंच विचारतो, माझी आजी मात्र शेवटपर्यंत चौकडीचं म्हणायची, आणि चौकडीही काय सुंदर शब्द आहे.

बँकेचा चेक थोडा वळसा घालून येतो. सुरुवातीला इंग्रजीत चेक म्हणजे पैसे द्यायच्या कागदाची ती बाजू जी आपल्याजवळ ठेवायची, आपण जिला स्थळप्रत म्हणतो ती. खोटेपणा रोखायला, ताडून बघायला. मग हळूहळू नाव पूर्ण कागदालाच चिकटलं. पुढे इंग्रजांनी एक्सचेकरच्या धर्तीवर त्याचं स्पेलिंग बदललं आणि अमेरिकन लोकांनी जुनंच ठेवलं, म्हणून दोन देशांत दोन स्पेलिंगं. देवनागरीत हा प्रश्नच येत नाही, शर्टाचा, बँकेचा, डॉक्टरांचा, सगळे चेक सारखेच. सरकारी मराठीत धनादेश आहे, चांगला आहे, पण बोलताना आपण 'चेक वटला का' असंच विचारतो. आणि हे वटणं बघा, हे हुंडीपासूनचं आहे. हुंडी वटायची, तसाच चेक वटतो. एक शब्द फिरत फिरत लंडनहून आलेला आणि त्याला जोडलेलं क्रियापद आपल्या सावकारी पेठेतलं, आणि दोघांचं इतकं जमलंय की जोड कुठे आहे ते कळतही नाही.

एक चेक मात्र या घरातला नाही, तो म्हणजे प्राग ज्याची राजधानी आहे तो चेक देश. ते त्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, शाहचा काही संबंध नाही, फक्त आपल्या लिपीत चेहरा सारखा पडलाय.

आता आपल्याकडची शाखा. आमच्या इथल्या बागेत संध्याकाळी बाकावर पट मांडलेला असतो, एका बाजूला रिटायर झालेले काका आणि समोर त्यांचा नातू. नातू मोठ्यांदा 'चेक!' म्हणतो आणि काका दर वेळी 'शह म्हण रे' म्हणून दटावतात. मला दोघांनाही सांगावंसं वाटतं की तुम्ही एकच शब्द बोलताय. नातवाचा शाह अरबांकडून, फ्रान्सवरून, इंग्लंडवरून, जहाजाने आलाय आणि काकांचा खुष्कीच्या मार्गाने थेट इराणातून. आणि काकांच्या शाखेचा पसारा काय कमी आहे? शह आणि काटशह तर निवडणुका आल्या की रोज पेपरात असतात. एखाद्यावर मात करणं आहे. बादशहा आहे, आदिलशाही, निजामशाही आहे. हुकूमशाहीत शाह असणं समजू शकतं पण लोकशाहीतसुद्धा तोच बसलाय, आणि नोकरशाहीत, घराणेशाहीत, झुंडशाहीत पण. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळावेत म्हणून, आणि त्यामागची तळमळ मला पूर्ण मान्य आहे, तरी काही शब्द इतके खोल रुजले की ते काढले तर वाक्यच कोसळेल.

शिवाय फारसी आणि संस्कृत या काही एकमेकींना परक्या नाहीत. शाहचं प्राचीन फारसीतलं रूप 'ख्शायथिय', आणि त्याचं नातं आपल्या 'क्षत्र'शी आहे, ज्यावरून क्षत्रिय. राज्य करणं, सत्ता असणं हाच दोन्हीकडचा गाभा. ज्याला आपण शहर म्हणतो तोही शब्द याच कुळातला, फारसीत आधी त्याचा अर्थ राज्य होता, मग आक्रसत आक्रसत नगर उरला. म्हणजे पुणे शहर म्हणताना आपण कुठेतरी क्षत्रच म्हणतो.

पटावरचं प्यादंही असंच आहे. फारसी पियादा म्हणजे पायी चालणारा, इंग्रजी पॉन लॅटिनमधून आला तोही पायी चालणाराच, आणि दोघांच्या मुळाशी जे पाऊल आहे तेच संस्कृतात पाद आणि मराठीत पाय. उंटाचं प्रकरण मात्र फार गुंतागुंतीचं आहे, अरबीत त्याला हत्ती म्हणायचे, स्पॅनिशमध्ये अजूनही त्याच अरबी हत्तीचं नाव चालतं, इंग्रजांनी त्याचा बिशप केला आणि आपण हत्तीला उचलून कोपऱ्यात नेऊन बसवलं. त्यावर सवडीने लिहीन, सध्या वाचतेय. तुमच्या घरात किंवा गावाकडे सोंगट्यांना वेगळी नावं असतील, कोणी आजोबा शह न म्हणता आणखी काही म्हणत असतील, तर मला नक्की कळवा.