तारा टेकडीवरची पहाट आणि आयरिशमधले आवाहन

आयर्लंडच्या मीथ परगण्यातल्या तारा टेकडीवर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्योदय पाहायला जाणाऱ्याने गर्दीची तयारी ठेवूनच जावे. तिथल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या दफनस्थानाच्या अरुंद दगडी वाटेत त्या दिवसांत उगवतीचे किरण शिरतात, आणि ते मोबाइलमध्ये टिपण्यासाठी माणसे लोखंडी दारासमोरून हलायला तयार नसतात. अंधारात नॅव्हनहून महागडी टॅक्सी करून पोहोचलेल्या मला त्या दारापर्यंत जाताच आले नाही, याचा राग मनातून बराच वेळ गेला नाही.

त्या गर्दीपासून दूर, जुन्या तटबंदीच्या खंदकापलीकडे, काही माणसे ओल्या गवतावर वर्तुळ करून उभी होती. ती आधुनिक ड्रुइड पंथाची होती (ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक लोकांचे पुरोहित) आणि पूर्वजांच्या स्मरणाचा ‘साविन’ हा सण साजरा करत होती. बहुतेकांच्या अंगावर साधे रेनकोट होते. पांढरा झगा एकानेच घातला होता. विधी इंग्रजीत चालला होता आणि खरे सांगायचे तर मला तो फारसा भिडत नव्हता. मग साठीच्या आसपासच्या एक बाई वर्तुळाच्या मध्यभागी आल्या. हातात कागद नव्हता. त्यांनी सागरदेव मानानान मक लिर याला आयरिश भाषेत आवाहन केले आणि त्यानंतर आपल्या आजी-पणजींना नावे घेऊन बोलावले. स्वर पाठांतराचा नव्हता. त्या समोर उभ्या असलेल्या माणसांशी बोलावे तशा बोलत होत्या, मध्येच थांबत होत्या, एक वाक्य अर्धवट सोडून त्यांनी पुन्हा नव्याने सुरू केले. मंत्रपाठ कानांवर पडणाऱ्या घरात मी वाढलो आहे, त्यामुळे म्हणणे आणि बोलणे यांतला फरक मला अर्थ कळत नसतानाही ओळखू येतो. वर्तुळातल्यांनी शाळेत शिकलेल्या, अडखळत्या आयरिशमध्ये त्यांना प्रतिसाद दिला तेव्हा माझे डोळे भरून आले.

विधी संपल्यावर बाईंनी मला आपणहून बोलावून थर्मासमधला चहा आणि बार्मब्रॅक हा मनुका घातलेला पाव दिला. शाळेत सक्तीने शिकवलेली आयरिश त्यांना नकोशी वाटे, आणि शाळा सुटल्यावर त्यांनी ती पूर्णपणे सोडली होती. चाळिशीनंतर त्या ड्रुइड पंथाकडे वळल्या. रोमन सेनानी सीझरने प्राचीन ड्रुइडांविषयी लिहिले, त्यांचे शिक्षण कधी कधी वीस वर्षे चाले आणि ते आपली विद्या लिहून ठेवत नसत असे नोंदवले; पण ते लिखाण गॉलबद्दलचे, म्हणजे मुख्यतः आजच्या फ्रान्सच्या प्रदेशाबद्दलचे आहे. आयर्लंडच्या ड्रुइडांच्या कथा उरल्या आहेत त्या ख्रिस्ती मठांतल्या लेखकांनी उतरवलेल्या, आणि त्या जुन्या आयरिशमध्ये आहेत. “ज्यांना मी बोलावते, त्यांच्या कथा मी दुसऱ्याच्या भाषांतरातून किती दिवस वाचणार?” असे त्या म्हणाल्या. त्यासाठी त्यांनी संध्याकाळच्या वर्गात नाव घातले. जुनी आयरिश आजच्या आयरिशपेक्षा फार वेगळी आणि अवघड आहे. म्हणून आधी आजची बोलती भाषा पक्की करायची, हा मार्ग त्यांनी निवडला.

आमचे बोलणे ऐकत असलेले झगाधारी गृहस्थ परदेशातून आले होते. ही भाषा ड्रुइडांबरोबरच संपली, आता ती फक्त देवांशी बोलण्यापुरती पवित्र उरली आहे, असे त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले, आणि तेही आयरिश बोलणाऱ्या बाईंच्या देखत. या विधानाचा मला गर्दीपेक्षाही अधिक संताप आला. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमधल्या १८ लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले आहे. शाळा-महाविद्यालयांबाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच आहेत. ही संख्या काळजी करण्याइतकी कमी आहे, पण ती जिवंत माणसांची आहे. जिवंत भाषेला मृत ठरवून तिची पूजा करणे हा मला तिचा अपमानच वाटतो.

आधुनिक ड्रुइड पंथ आयर्लंडमध्ये जन्मला नाही, हेही इथे सांगायला हवे. त्याची पायाभरणी अठराव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये झाली; कवी योलो मॉर्गानुग यांनी १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर जो सोहळा केला, तो वेल्श कवींचा होता. त्याआधी ड्रुइडांवर लिहिणारे जॉन टोलंड मात्र डोनेगलमधल्या आयरिशभाषक प्रदेशात वाढले होते आणि या विषयासाठी आयरिश हस्तलिखितांचा आधार घेत होते. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेत आयझॅक बोनविट्स यांनी स्थापलेल्या ड्रुइड संघटनेने आपले नावही आयरिश ठेवले. नाव घेणे सोपे आहे. बाईंनी केले ते कष्टाचे आहे.

दुपारी बाईंनी मला आपल्या गाडीतून राथ कार्नला नेले. पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनेमारातल्या आयरिशभाषक कुटुंबांना १९३५ मध्ये मीथमध्ये जमिनी देऊन वसवले, त्यांतून हे गाव उभे राहिले. गेलटाख्त, म्हणजे आयरिशभाषक प्रदेश, ही अधिकृत मान्यता मिळवण्यासाठी गावकऱ्यांना १९६७ पर्यंत झगडावे लागले. तिथे मुले चेंडू खेळताना आयरिशमध्येच भांडत होती. बाईंच्या ओळखीचे एक वयस्कर शेतकरी फाटकापाशी भेटले. ते नेमाने चर्चला जाणारे होते आणि ड्रुइडांविषयी त्यांना काडीचीही उत्सुकता नव्हती, पण बाईंनी सकाळचे आवाहन म्हणून दाखवताच त्यांनी मन लावून ऐकले आणि दोन ठिकाणी उच्चार दुरुस्त केले. बाईंनी ते पुन्हा म्हणवून घेतले, वहीत टिपले आणि फेब्रुवारीतल्या इम्बोल्क या सणाच्या आवाहनाआधी पुन्हा तपासून घ्यायला येईन, असे त्यांना सांगितले. मग दोघेही गुरांच्या बाजारभावावर बोलू लागले, तेही आयरिशमध्येच, आणि माझी डब्लिनची बस चुकेपर्यंत बोलत राहिले.