तुम्ही विचारलंत म्हणून: मंडलिकांचं सुवर्णपदक

आमच्याकडे मुरुडला (दापोलीचं, जंजिऱ्याचं नव्हे) उतरणारे पाहुणे महर्षी कर्व्यांचं गाव म्हणून येतात. रात्री जेवताना मी मंडलिक सुवर्णपदकाचा विषय काढला की ठरलेला प्रश्न येतो, "केवढ्या तोळ्याचं होतं हो?" आम्ही काय सराफकट्ट्यावर बसलोय?

तोळे राहू देत. ते मिळायचं कशाला, ते ऐका. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक मूळचे इथलेच, जन्म १८३३चा. मुंबईत हायकोर्टात नावाजलेले वकील. नीलकंठभट्टांच्या 'व्यवहारमयूख' या जुन्या संस्कृत कायदेग्रंथाचं इंग्रजी भाषांतर त्यांनी १८८० साली छापलं. मुंबई इलाख्यात वाटणी-वारसाच्या खटल्यांना या ग्रंथाचा आधार घेत. वाटणी म्हटली की कोकणी माणसाचे कान टवकारणारच!

त्यांच्या नावाचं पदक मुंबई विद्यापीठ देई ते निबंधावर. परीक्षेतले मार्क इथे कामाचे नाहीत. विषय घ्या, पोथ्या धुंडाळा, लिहा. ते मिळवलं पांडुरंग वामन काण्यांनी. १८८०चाच जन्म, चिपळूणजवळच्या परशुरामाकडचे, शाळा दापोलीची. संस्कृत अलंकारशास्त्राच्या, म्हणजे काव्यशास्त्राच्या, इतिहासावर त्यांनी निबंध लिहिला. बक्षिसाचा निबंध बहुधा बक्षीस घेऊन कपाटात जातो. हा गेला नाही. 'साहित्यदर्पण' या काव्यशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथाच्या त्यांच्या आवृत्तीला प्रस्तावना म्हणून तो विषय आला, वाढत गेला आणि शेवटी संस्कृत काव्यशास्त्राच्या इतिहासाचं वेगळं पुस्तक झालं.

काण्यांच्या प्रस्तावनांना हा रोगच होता म्हणा ना. पुढे १९२६ साली त्यांनी 'व्यवहारमयूख' संपादित केला. हो, मंडलिकांचाच तो मयूख. त्याच्या प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास द्यायचा बेत होता. ते 'थोडक्यात' काही जमेना. 'धर्मशास्त्राचा इतिहास' म्हणून वेगळे पाच खंड झाले, पहिला १९३०चा, पाचवा १९६२ला पुरा झाला तेव्हा वय ८२. पानं साडेसहा हजारांच्या वर. हे सगळं वकिली सांभाळून! पदक देणाऱ्या विद्यापीठाचे ते १९४७ ते १९४९ कुलगुरूही होते. १९६३ला भारतरत्न मिळालं, पण त्याचं वजन आजवर एकाही पाहुण्यानं विचारलेलं नाही.

खंड बघायचे असतील तर मोठ्या ग्रंथालयात मागा, पुण्याच्या भांडारकर संस्थेनं छापलेत. इंग्रजीत आहेत. पहिल्यापासून सुरुवात नका करू. तीर्थयात्रांचा भाग चौथ्या खंडात आहे, तो आधी घ्या.