मलिद्याचा रविवार आणि पत्र्याचा डबा

मेळाव्याची तारीख ठरल्याचा मेसेज परवा ग्रुपवर आला आणि खरं सांगते, मला घरात बसल्या बसल्या खवलेल्या ओल्या नारळाचा वास यायला लागला. आमच्या ठाण्याच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांच्या मंडळाचा वार्षिक मेळावा नेहमी रविवारीच असतो, शनिवारी शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, म्हणून आम्ही कसलाच कार्यक्रम ठेवत नाही, आणि साधारण तिशरी महिन्याचे सगळे सण आटोपले, दारफाळणीचा सण (योम किप्पूरचा उपवास) झाला, दुसऱ्या दिवशीचा शिळा सण झाला, जरा दम खाल्ला की मग आमची धावपळ सुरू होते. शिळ्या सणाला पूर्वी आमच्या घरांतून गरिबांना दानधर्म करायचे आणि एकमेकांकडे भेटायला जायचे, तर आजी म्हणायची की मंडळ म्हणजे वर्षभराचा शिळा सणच आहे. मला ते लहानपणी कळायचं नाही.

सुरुवातीचं सगळं ठरलेलं. आधी एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं गाणं, मग मलिद्याच्या ताटावर बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, बाजूला खजूर, फळं, मधोमध गुलाब. मग अध्यक्षांचं भाषण, ते दरवर्षी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या आमच्या पूर्वजांच्या गलबतापासून सुरू होतं, वाचलेले सात पुरुष आणि सात बायका, तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं शनवार तेली हे नाव, तिथून 1875 साली हाइम सॅम्युएल केहिमकरांनी काढलेली शाळा (आता माझगावात सर एली कदूरी शाळा म्हणतात ती), 1913 चं स्त्री मंडळ, बायकांच्या डॉक्टर जेरूशा झिराड, मग 1964 पासूनचं जॉइंट (ज्यूंना मदत करणारी अमेरिकन संस्था). मागच्या रांगा चुळबुळ करतात पण माझ्या मते हे दरवर्षी सांगायलाच पाहिजे, कारण त्या शाळेत आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत आणि आपल्या मुलांसाठी काढलेली शाळा शेजाऱ्यांच्या मुलांना शिकवते यात मला तरी खूप मोठं काहीतरी वाटतं. अहवाल, जमाखर्च, सूचक, अनुमोदक, ते सगळं होतं, त्यावर काय लिहायचं.

मग कीर्तन. आमच्यात मराठीतून कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे, आता करणारे अगदी मोजके उरलेत, आमच्याकडे एक अंकल आहेत, ते पेटी घेऊन योसेफाचं आख्यान लावतात. भावांनी विहिरीत टाकलेला, विकलेला योसेफ, पुढे मिसरात (इजिप्तमध्ये) दुष्काळ पडतो आणि तो धान्याची कोठारं उघडतो, त्याच ठिकाणी अंकल पेटी थांबवतात आणि नुसत्या आवाजात म्हणतात, धान्य घ्यायला कोण आलंय बघा, तेच भाऊ. मी इतक्या वर्षांत एकदाही तिथे डोळे न पुसता बसलेले नाही.

पण मला ज्याच्यासाठी लिहायचंय तो पत्र्याचा डबा. बिस्किटांचा जुना चौकोनी डबा, झाकणाला मध्ये फट पाडलेली. वर्षभर तो घरोघरी फिरतो आणि मेळाव्यात सगळ्यांसमोर उघडतात. आमच्या म्हाताऱ्या माणसांना जॉइंटचा आधार आहे, मंडळाचं रेशनचं किट जातं, औषधं जातात, पेसाहच्या सणाला मात्झा, म्हणजे बिनखमिराची पोळी जाते, कारण मुलं तिकडे इस्राएलमध्ये अश्दोदला नाहीतर दिमोनाला आणि इथे आईबाप एकटे, 2011 च्या जनगणनेत सगळ्या भारतात मिळून आम्ही पाच हजारही भरलो नाही. पण डब्याचे पैसे आपल्यासाठी नाहीत. ते शेजाऱ्यांसाठी, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो. परक्यातल्या गरिबालाही आपल्या गरिबाबरोबर सांभाळा, असं आपले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, केव्हाच सांगून गेलेत. खाडीपलीकडे कळव्यात गॅब्रिएल प्रोजेक्ट या ज्यू संस्थेचे लोक 2012 पासून वस्तीतल्या मुलांना वर्गात आलं की गरम जेवण देतात, आणि ते जेवण तिथल्याच बायका शिजवतात, ते मला म्हणूनच इतकं आवडतं. आमचा डबा त्यापुढे फार लहान, तरी आमचा आहे.

आता मूळच्या रेवदंड्याच्या एका आजींचं सांगते. त्या स्वतः आमच्याकडून किट घ्यायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे डबा आणि किट एकदम घेऊन गेले तेव्हा संकोचून डबा पिशवीत लपवला होता, तर त्यांनी पिशवीत बघितलं आणि म्हणाल्या, "डबा कशाला लपवतेस बाय, मी निस्ती घेनारी न्हाय, देनारी पन हाय." लुगड्याच्या गाठीतून दहाची नोट काढली, चार घड्या घातलेली, तरी ती फटीतून जाईना, मग मी घड्या सोडून लांबट केली. नंतर आमच्या हज्जानांनी, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवतात त्यांनी, मला सांगितलं की रांबाम या जुन्या मोठ्या रब्बींनी लिहूनच ठेवलंय, जो दानावर जगतो त्यानेही दान द्यायचं. आजींना वाचता येत नव्हतं.

याच डब्यातून आमच्या रिक्षावाल्या भाऊंच्या मुलीची नर्सिंगची फी गेली. भाऊ कळव्याचे, आमच्या म्हाताऱ्यांना सिव्हिलला नेतात, लिफ्ट नसेल तिथे हात धरून तीन तीन मजले चढवतात, मेळाव्याला सकाळपासून फेऱ्या मारतात आणि पैशाचं नाव काढत नाहीत. फी कोण भरतंय हे त्यांना तीन वर्षं माहीत नव्हतं, आपल्यात देणाऱ्याने नाव सांगायचं नाही आणि घेणाऱ्याला स्टेजवर उभं करायचं नाही. एकदा एका पाहुण्यांना किट देताना फोटो हवा होता, खजिनदार अंकल सरळ नाही म्हणाले, तेव्हापासून ती देणगी बंद झाली, तरी ते बरोबरच होतं. पण मुलगी पास झाल्यावर भाऊंना कुठूनतरी कळलंच आणि त्या वर्षी ते स्वतःहून माईकवर आले. "मला बोलता येत नाही. माझी पोरगी आता तुमच्या आजींना इन्सुलिन देते, रोज सकाळी जाते. बस." एवढंच. आजी पहिल्या रांगेत होत्या, मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "ती पोरगी? तिचा हात लई हलका हाय." आपली दहाची नोट कुठे गेली ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, मी विचारलं नाही.

आणि हे ऐकायला हॉलमध्ये माणसं किती, तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मी हे लिहिणार आहे, कोणाला राग आला तरी. भायखळा, माझगाववाल्यांना ठाणे लांब पडतं, पण लग्नाला बरोबर वेळेवर पोचतात. बिर्याणीची पातेली उघडली आणि गव्हाच्या चिकाचा हलवा आला की हॉल भरतो. पुढच्या वेळी दोन तास आधी या, एवढंच मागणं आहे.

कोणाचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडत नाही, पण खोबरं खवणाऱ्या तिन्ही अंटी, अलिबागहून नारळाचं पोतं आणणारे मामा, उधारीवर औषधं देणारे केमिस्ट काका, पैसे न घेता तपासणाऱ्या डॉक्टर ताई, माईकवाला दादा, खुर्च्या लावणारी कॉलेजची पोरं, हॉलचे वॉचमन, हलवा करणारी माझी नणंद, आणि भांडी घासायला थांबणाऱ्या दोघी बहिणी ज्यांचे आभार मागच्या वर्षी राहून गेले होते, ते मला रात्रभर टोचत होतं. कोणी राहिलं असेल तर मला फोन करा, मी इथे घालते. हो, गुलाब आणणारा फुलवाला, तो राहिलाच.

आजींना मुलगा अश्दोदला घेऊन गेला. गेल्या मेळाव्याला त्यांचा नातू आला होता, त्याने डब्यात काहीतरी टाकलं, जड आवाज झाला. उघडल्यावर दिसलं, दहा शेकेलची दोन नाणी, कडेला चंदेरी, मध्ये सोनेरी, वर खजुराचं झाड. खजिनदार अंकलनी ती हातात घेऊन बराच वेळ बघितली, मग जमाखर्चाच्या वहीत कुठे लिहायची ते सुचेना म्हणून परत डब्यात टाकली. डबा सध्या माझ्याकडे आहे, हलवला की ती दोन नाणी वेगळी वाजतात.