आकडे न येणाऱ्यांचं क्रिकेट

आमच्या बडोद्याच्या क्रिकेटवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी सुप्रभात, सामन्याच्या वेळी स्कोअर आणि सामना संपला की भांडण, एवढंच चालायचं. माणसं भरपूर. दांडिया बाजार, राजमहाल रोडवरची जुनी मराठी घरं, शिवाय नोकरीपायी पुण्याला, इंदूरला गेलेली पोरं. पण बोलणारे तेच ते. मधूनच कुणीतरी प्रश्नमंजुषा घ्यायचं. तीत आमचे एक जाणकार काका आणि त्यांचे दोन मित्र सगळी उत्तरं देऊन मोकळे व्हायचे, बाकीचे नुसता अंगठा दाखवायचे.

अ‍ॅडमिनपद माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मी आधी गप्प बसणाऱ्यांना एकेकटं गाठलं. ग्रुपवर विचारलं असतं तर पुन्हा बोलणाऱ्यांनीच उत्तरं दिली असती. कारणं ऐकून मीच चाट पडले. एक मावशी म्हणाल्या, "अगं, मला मॅच कळते गं, आकडे येत नाहीत." एका मुलाची शाळा गुजराती माध्यमाची, घरी मराठी बोलतो, पण लिहायला घेतलं की र्‍हस्व-दीर्घ कुणीतरी काढणार ही धास्ती. आणि तिघा-चौघांनी आढेवेढे घेत सांगितलं, की काही लिहिलं की काका खोडून काढतात. क्रिकेट न आवडणारा एकही निघाला नाही.

म्हणजे असा काहीतरी खेळ हवा होता, ज्यात माहिती असण्याचा फायदा होणार नाही आणि नसण्याचा तोटा होणार नाही.

तो खेळ मला विजय हजारे या जुन्या फलंदाजाने दिला. हजारे मूळचे सांगलीचे, पण कारकीर्द बडोद्याची, त्यामुळे आपलेच. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा, म्हणजे धर्मावार पाच संघांच्या स्पर्धेचा, अंतिम सामना होता, हिंदू विरुद्ध रेस्ट, म्हणजे उरलेल्या धर्मांच्या खेळाडूंचा संघ. हजारे रेस्टकडून खेळले. रेस्टच्या दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. सहाव्या विकेटसाठी ३०० धावांची भागीदारी झाली आणि त्यात दुसऱ्या टोकाला उभे असलेले त्यांचे भाऊ विवेक यांच्या धावा २१. एवढं सगळं होऊनही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला. हा मजकूर मी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: "तुम्ही विवेक आहात. दुसऱ्या टोकाला उभं राहून मनात काय चाललंय? चार ओळींत. मराठी, गुजराती, मिसळ, काहीही. लिहायचा कंटाळा असेल तर बोलून पाठवा."

नमुना म्हणून मी स्वतःच्या चार ओळी जोडल्या आणि त्या मुद्दाम साध्या ठेवल्या. पहिलाच नमुना झकास असला की लोक म्हणतात, वा, आणि पुढे जातात. माझ्या ओळी अशा होत्या: "दादाने पुन्हा मारला. पुन्हा पळालो. पुन्हा तिकडेच उभा आहे. जेवायला कधी सोडणार?"

दुपारपर्यंत काही नाही. मग मावशींची व्हॉइस नोट आली, मागे कुकरची शिट्टी. "तुला काय वाटतं, मी खेळत नाहीये? तू तीनशे केल्यास, त्या काळात मी तिथं उभा राहिलो. घरी आईला सांगताना हे सांगशील ना?" मी लगेच त्यांना उत्तर दिलं, नुसता हसरा चेहरा नाही, वाक्य लिहिलं: मावशी, आईला सांगायची गोष्ट भारी आहे. त्यानंतर जे सुरू झालं ते रात्रीपर्यंत थांबलं नाही. गुजराती माध्यमवाल्या मुलाने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, शेवटी "हवे बस, भाई" असं गुजराती जोडून. र्‍हस्व-दीर्घाचा विषय कुणी काढला नाही, कारण काढायला जागाच नव्हती.

माझ्या मते सगळी किल्ली पहिल्या उत्तराला मिळणाऱ्या उत्तरात असते. पहिला माणूस लिहून तासभर तसाच टांगून राहिला, तर दुसरा येत नाही. म्हणून खेळ टाकायचा तर अ‍ॅडमिनने त्या दिवशी मोकळं असावं. लग्नाला निघताना टाकू नये. सामन्याच्या दिवशी तर मुळीच नको, तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं.

काकांचं मात्र काय करायचं हा प्रश्न होता. त्यांना गप्प करणं मला पटेना. त्यांच्याकडे जे आहे ते बाकी कुणाकडे नाही, आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाला नियम दाखवणं बरंही दिसत नाही. मी घरी जाऊन त्यांना विनंती केली, "काका, खेळ संपला की रात्री तुम्ही खरं काय झालं ते सांगाल? तोवर मात्र कुणाला दुरुस्त करायचं नाही." त्यांनी चहा संपेपर्यंत विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे मी शेवटी येणार." शेवटी येणं त्यांना मानवलं. आता लोक त्यांची वाट बघतात.

उखाण्यांचा खेळ सगळ्यात सोपा निघाला. आवडत्या खेळाडूचं नाव घ्यायचं, यमक जुळलं पाहिजे. एका सुनेने घेतलेला अजून पाठ आहे: "सूरसागरात महादेव उभा, वारा सुटला गार, कराचीत इरफानने पहिल्याच षटकात तिघे केले गार." इरफान पठाणची २००६ ची ती हॅट्‌ट्रिक तिने लहानपणी पाहिलेली. पोलचा, म्हणजे पर्यायांतून एक निवडायचा, खेळ चालतो, पण लोक बोट लावून निघून जातात, गप्पा होत नाहीत.

नियम एकच सांगावा लागला. २०२४ च्या आयपीएलमध्ये हार्दिक पंड्याची मैदानांवर हुर्यो उडवली गेली, तेव्हा आमच्याकडेही गंमत त्याच्या घरापर्यंत पोचायला लागली. फटक्याची टर उडवा, माणसाच्या संसाराची नाही, असं मी लिहिलं आणि दोन मजकूर काढून टाकले. एक जण रागावून ग्रुप सोडून गेला. जाऊ दे म्हटलं.

गेल्या महिन्यात १९४७ चा रणजी अंतिम सामना घेतला. बडोद्यातच झालेला, इंदूरच्या होळकर संघाविरुद्ध, त्यांचे कर्णधार सी. के. नायडू. गुल मोहम्मद ३१९, हजारे २८८, चौथ्या विकेटसाठी ५७७. कुठल्याही विकेटसाठीचा प्रथम श्रेणीचा तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. आमची मंडळी फलंदाज व्हायला टपलेलीच होती. पण इंदूरच्या एका जावईबापूंनी सीमारेषेवरचा होळकरांचा क्षेत्ररक्षक होऊन लिहिलं: "सी. के. साहेब म्हणतात, पोरांनो, एक विकेट. कालपासून म्हणतायत." झालं, सगळे फिरले. जो तो क्षेत्ररक्षक होऊन दमायला लागला. रात्री काकांनी बडोद्याच्या ७८४, होळकरांच्या २०२ आणि १७३, आणि बडोद्याचा एक डाव आणि ४०९ धावांनी विजय असा सगळा हिशेब नीट मांडला, आणि खाली, न विचारता, स्वतःच्या चार ओळी लिहिल्या. त्या सहा होत्या. मावशींनी लगेच मोजून दाखवल्या.