ठाकूरद्वार कुठल्या बाजूला?

परवा दुपारी गिरगावात जमिनीतून वर आलो. म्हणजे मेट्रोतून. सरकता जिना संपला, डोळ्यांवर ऊन आलं आणि ठाकूरद्वार डावीकडे की उजवीकडे, हेच कळेना. मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या ज्याने इथे आजोळी काढल्या, त्याची ही गत! चर्नी रोडला उतरलं की पाय आपोआप चालायला लागायचे. खालून वर यायची सवय त्यांना कुठून असणार?

कुणाला विचारायचीही लाज वाटली. जरा वेळ तसाच उभा राहिलो.

रस्ता जगन्नाथ शंकरशेट मार्ग, एवढं नक्की होतं. १८४५ पासून मुंबईत रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेट खटपट करत होते, आणि आता त्यांच्याच नावाच्या रस्त्याखालून गाडी धावते. आजोबा असते तर म्हणाले असते, "आपल्या नानांचंच काम ते." नाना वारले १८६५ साली, पण आजोबा त्यांच्याबद्दल पलीकडच्या बिऱ्हाडातल्या माणसासारखं बोलत.

आजोबांचं सगळं 'आपल्या इथे' घडलेलं असे. देशातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ ला लागला तो आपल्या मॅजेस्टिकला. सार्वजनिक गणपती १८९३ साली बसला तो आपल्या केशवजी नाईकांच्या चाळीत. ती चाळ आमच्या चाळीपासून चांगली दहा मिनिटांवर, पण आजोबांच्या हिशेबात तीही आपलीच. १९०१ मध्ये लोकमान्य तिथे आले होते. तेव्हा आजोबांचा जन्मही झालेला नव्हता, तरी टिळक कुठून आत शिरले ते बोट दाखवून सांगत. आजी आतून म्हणे, "हो, तुम्हीच तर पायांवर पाणी घातलंत!"

आणि वाड्या. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट. पत्ता सांगतायत की बाजाराची यादी, असं वाटावं. फणसवाडीत फणस शोधायला मी एकदा भर दुपारी एकटा गेलो होतो. सापडला तो शोधायला निघालेला मामा. पाठीत धपाटा बसला, आणि मग बर्फाचा गोळाही मिळाला.

खरी नामवंत मंडळी मात्र आमच्या जिन्याखाली होती. लाकडी फळीवर पांढऱ्या रंगात खोलीचा नंबर आणि नाव. माणूस गेला तरी नाव पुसत नसत, मुलाचं नाव खाली दाटीवाटीने बसवत. दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांच्या नावापुढे 'बी. ए.' होतं. दर दिवाळीला ते स्टुलावर चढून तेवढी दोन अक्षरं गिरवायचे. नाव वर्षागणिक पुसट होत गेलं, बी. ए. झळझळीत. शेवटी शेवटी त्या खोलीत नुसती पदवीच राहतेय असं वाटायचं. चाळ पाडली तेव्हा ती फळी कुणी नेली देव जाणे. मला हवी होती. घरात लावायला जागा नाही, हे बायकोचं म्हणणंही बरोबरच आहे.

संध्याकाळी आजोबा चौपाटीवर न्यायचे. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० ला गेले, त्यांचं दहन इथल्याच वाळूत झालं. पुतळ्यापाशी आलं की आजोबा चपला काढून उभे राहत. तिथे कधी 'आपल्या इथे' म्हणाले नाहीत. काहीच बोलत नसत. मी भेळेच्या गाडीकडे बघत असे.

"काका, फणसवाडी?" पाठीवर मोठी पिशवी घेतलेला एक पोरगा मोबाइल उलटसुलट फिरवत विचारत होता.

"ही काय, इथेच. डावीकडे," मी आजोबांच्या आवाजात सांगितलं. तो गेलासुद्धा. मी अजून जिन्याच्या तोंडाशीच उभा होतो, ठाकूरद्वार कुठल्या बाजूला याचा विचार करत.