सेम टू सेम

रात्रीचे पावणेदोन वाजलेत आणि मी झोपायचं सोडून हे खरडत बसलोय, कारण मगाशी भाच्याला जे बोललो ते डोक्यातून जातच नाहीये. "तुला नाही कळणार." एवढंच बोललो. तो काही म्हणाला नाही, रिमोट टेबलावर ठेवला आणि आत जाऊन झोपला. ताई असती तर तिने दोघांनाही झापलं असतं आणि विषय तिथंच मिटला असता.

झालं असं की वॉचमेन बघितला, त्याच नावाच्या सुपरहिरोंच्या कॉमिक पुस्तकावरून काढलेला पिक्चर. म्हणजे मी आधी तीनदा बघितलाय, त्याने पहिल्यांदा. दोन वर्षं मी त्याच्या मागे लागलोय की आधी पुस्तक वाच मग पिक्चर, आणि तो दोन वर्षं हो मामा हो मामा करतोय, शेवटी आज म्हणाला की आपण तोडगा काढू, मी पुस्तक मांडीवर घेऊन पिक्चर बघतो. आणि खरंच तसा बसला. दर पाच मिनिटांनी पॉज, पानं चाळायची, आणि मग "मामा हे बघ, सेम टू सेम!" पिवळा हसरा बिल्ला आणि त्यावरचा रक्ताचा थेंब, सेम. काच फुटून खाली पडणारा माणूस, सेम. मंगळावरचा तो काचेचा घड्याळासारखा महाल, सेम. आणि तो चुकत नव्हता हेच तर दुखणं आहे. दिग्दर्शक झॅक स्नायडरने कितीतरी चौकटी अक्षरशः उचलून पडद्यावर ठेवल्यात, कोनासकट. मी दर वेळी "हो रे, सेम आहे" म्हणत होतो आणि दर वेळी माझा आवाज बारीक होत होता.

शेवटी नावं वर सरकायला लागली तेव्हा तो म्हणाला, "एवढं सगळं सेम आहे तर तुझं तोंड का उतरलंय? आणि मग आता पुस्तक कशाला वाचायचं?"

तेव्हा मी ते बोललो.

आता बसून विचार करतोय की काय नाही कळणार त्याला? मलाच काय कळलंय? नेहमीची कारणं माझ्याकडे तयार असतात, पण ती मलाच आता पोकळ वाटतात. शेवट बदलला म्हणून लोक बोंबलतात, पुस्तकात शहर उद्ध्वस्त करणारा तो ऑक्टोपससारखा राक्षसी प्राणी जाऊन पिक्चरमधे सगळा दोष डॉ. मॅनहॅटन ह्या निळ्या, अचाट शक्तीच्या माणसावर टाकलाय. खरं सांगू, मला त्याचं काही वाटत नाही. उलट दोन अडीच तासांच्या पिक्चरला ते जास्त सोपं पडतं. वेशभूषा बदलली वगैरे तर सोडाच. बदललं म्हणून मी चिडलेलो नाहीच मुळी. जिथं काहीच बदललं नाही तिथं मला जास्त कसंतरी होतं, आणि हे भाच्याला कसं सांगायचं.

त्या पुस्तकात पानाची शिस्त आहे. बारा अंक, १९८६ आणि १९८७ मधे आलेले, ॲलन मूरचं लेखन, डेव्ह गिबन्सची चित्रं, आणि बहुतेक पानं नऊ चौकटींची, तीन गुणिले तीन. टिक टिक टिक. वाचताना ती टिकटिक अंगात भिनते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. अकरा भाग ही शिस्त आणि मग बारावा भाग उघडतो तर चौकटीच नाहीत, अख्ख्या पानाचं एक चित्र, प्रेतं. पान उलटलं, परत अख्खं पान. अशी सहा पानं, कुणी एक शब्द बोलत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दुसऱ्या पानावर किती वेळ होतो मला माहीत नाही, पाच मिनिटं असेन किंवा वीस, पान उलटायची हिंमत होत नव्हती आणि उलटायचं की नाही हे माझ्या हातात होतं. पिक्चरमधे माणसं विरून जातात, बिल्डिंगी कोसळतात, भलामोठा खड्डा पडतो, इफेक्ट कडक आहेत, भाच्याने तोंडाने "ओह्हो" केलं. आणि पुढचा सीन. थांबायला कुणी दिलंच नाही.

तर मग पॉज आहे की, तो म्हणेल. त्याने आज शंभर वेळा केलाच ना पॉज. पण पॉज म्हणजे चालत्या माणसाला कॉलर धरून थांबवणं, आणि पानावर थांबणं म्हणजे... जाऊ दे, नीट येत नाहीये.

डॉ. मॅनहॅटनचा चौथा भाग घ्या. त्याला भूत, वर्तमान, भविष्य सगळं एकदम दिसतं. फोटो माझ्या हातात आहे, बारा सेकंदांनी तो मी टाकणार आहे, आणि तो वाळूत पडलेलाही आहे, असं सगळं वर्तमानकाळात. पिक्चरमधला तो भाग मला मनापासून आवडतो, फिलिप ग्लासचं संगीत आहे, निळा उजेड आहे, सगळ्यात सुंदर तुकडा तोच. पण पडद्यावर ते एकामागून एकच येतं ना, दुसरं येणार कसं. पानावर नऊ चौकटी एकदम समोर असतात. १९५९ इथं वर डाव्या कोपऱ्यात, १९८५ तिथं खाली, नजर टाकली की दोन्ही आहेतच. म्हणजे त्या पानापुरता मीच डॉ. मॅनहॅटन असतो, निळा नाही एवढंच. पिक्चरने मला तो माणूस दाखवला आणि माझी ती नोकरी काढून घेतली. भांडण झालं तर हेच सांगायला पाहिजे होतं भाच्याला. सुचतं कधी, पावणेदोनला.

पाचव्या भागाची पानं मधल्या जोडपानाभोवती आरशासारखी रचलीत, पहिलं पान आणि शेवटचं पान एकमेकांचं प्रतिबिंब. हे मला तिसऱ्या वाचनात कळलं तेव्हा मी घरभर नाचलो होतो आणि ऐकायला घरात कुणीच नव्हतं.

हे फक्त एका पिक्चरचं नाही. स्पायडरमॅनच्या प्रेयसीचं, ग्वेन स्टेसीचं मरण आठवतंय. अमेझिंग स्पायडरमॅनचा १२१ वा अंक, १९७३. ती पुलावरून पडते, तो जाळं टाकून तिला पकडतो, आणि त्या चौकटीत तिच्या मानेपाशी एक इवलासा शब्द, स्नॅप. बस. पुढच्या चौकटीत हा येडा स्वतःवरच खूश, वाचवलं तुला, जमलं मला. त्याला कळलेलं नाही. आपल्याला कळलंय, किंवा आपणही तो शब्द न बघताच पुढे गेलोय आणि मग परत मागे येऊन बघतोय आणि पोटात गोळा येतोय. २०१४ च्या पिक्चरमधे तोच प्रसंग घड्याळाच्या मनोऱ्यात आहे, स्लो मोशनमधे, त्याच्या जाळ्याचं टोक बोटं पसरलेल्या हातासारखं उघडतं आणि तिच्याकडे झेपावतं. काय सुंदर कल्पना आहे. भाचा लहान होता, ढसाढसा रडला. आणि मी शेजारी बसून मनातल्या मनात, स्नॅप कुठंय, स्नॅप कुठंय. पोरगं रडतंय आणि मामाला चार अक्षरांची पडलीय.

बरं, उलटंही झालंय. २००७ मधे फँटॅस्टिक फोरच्या दुसऱ्या पिक्चरला गॅलॅक्टस येणार म्हणून मी वेडा झालो होतो. ग्रह गिळणारा देव, चित्रकार जॅक किर्बीने काढलेला, डोक्यावर अंगापेक्षा मोठं शिरस्त्राण, जांभळा. आणि आला काय, तर ढग. सेम टू सेम नको म्हणतोस तर घे ढग. तेव्हाही मी रडलोच. म्हणजे दाखवलं तरी त्रास, नाही दाखवलं तरी त्रास, तर त्रास नक्की कुठंय ते एकदा तपासून घ्यायला पाहिजे.

स्पायडर-व्हर्स ह्या ॲनिमेशनच्या पिक्चरवर मात्र भाच्याने मला दोन वर्षांपूर्वीच गप्प केलंय. त्यात कॉमिकच्या छपाईतले ठिपके आहेत, चौकोनात लिहिलेले विचार आहेत, आणि सुरुवातीला नवख्या स्पायडरमॅनची, माइल्सची चाल मुद्दाम तुटक ठेवलीय, एक चित्र दोन फ्रेमना, शेजारी मुरलेला स्पायडरमॅन पीटर मात्र लोण्यासारखा सरकतो. कुठल्याच पानाची नक्कल नाही आणि तरी मला पान वाचल्यासारखं झालं. आणि त्याआधी २००३ मधे दिग्दर्शक आंग लीने हल्कमधे पडदाच चौकटींमधे कापला होता, अगदी कॉमिकसारखा, आणि तिथं माझी नजर नुसती गोंधळली. म्हणजे चौकटी काढल्या म्हणजे झालं असंही नाही. वॉचमेनमधलंसुद्धा सगळ्यात भारी काय तर सुरुवातीची नावं येतात तो भाग, बॉब डिलनच्या गाण्यावर चाळीस वर्षांचा इतिहास जवळजवळ थिजलेल्या चित्रांसारखा सरकतो, आणि तो तसा पुस्तकात नाहीच! तिथं भाच्याने पान शोधायचा प्रयत्न केला, सापडलं नाही, आणि पुस्तक बाजूला ठेवून नुसता बघत बसला. मीही.

पण पुढे मारामारी आली की परत तेच. गल्लीत डॅन आणि लॉरी, वॉचमेनमधले दोघं हिरो, गुंडांना मारतात, हाड बाहेर येतं, कॅमेरा चवीने बघतो, मस्त दिसतं. मस्त दिसायला नको होतं. पुस्तकातल्या डॅनला पोट सुटलंय. रोरशाक, त्यांच्यातलाच एक मुखवटेवाला, दुसऱ्याच्या घरी बसून थंडगार बीन्स खातो, साखरेचे चौकोनी तुकडे खिशात टाकतो, त्याच्या अंगाला वास येतो. ही माणसं बिचारी आहेत, जरा हास्यास्पद, जरा भीतीदायक. पडद्यावर ती पोस्टर लावण्यालायक झालीत. आणि तो म्हातारा पेपरवाला तर पिक्चरमधे जवळजवळ नाहीच! अख्ख्या पुस्तकात कोपऱ्यावरच्या स्टॉलवर बसून जगावर मतं देत असतो, आणि एक पोरगा शेजारी टेकून फुकटात कॉमिक वाचत असतो. त्या दोघांना शेवटाजवळ कळतं की आपलं नाव एकच. मग उजेड येतो, म्हातारा पोराला कवेत घेतो आणि दोघं चौकटीगणिक पांढरे होत जातात. थेटरात आलेल्या १६२ मिनिटांत हे दोघं जवळजवळ नाहीतच. मग ते शहर मेलं काय आणि राहिलं काय, कुणासाठी हळहळायचं.

हे सगळं बरोबर आहे, पण मी यासाठी जागा नाहीये. खरं कारण वेगळंच आहे.

भाचा झोपल्यावर मी पुस्तक उघडलं, पहिलं पान, रोरशाकची रोजनिशी. आणि मला पिक्चरवाल्याचा आवाज ऐकू आला. जॅकी अर्ल हेलीचा, तो घोगरा, गुरगुरणारा. चांगला आवाज आहे, भाच्यालाही तोच सगळ्यात आवडला. पण माझा रोरशाक असा बोलत नव्हता. त्याच्या बोलण्याचे फुगे वेडेवाकडे, थरथरत्या कडेचे काढलेत, त्यावरून मी एक आवाज बांधला होता, सपाट, थंड, चढउतार नसलेला. कॉलेजपासून सोबत होता. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, नाही आला. गेला. रोजनिशीचा पुढचा तुकडा वाचला, घोगरा. त्यापुढचा, घोगरा. च्यायला, पुस्तक माझं, डोकं माझं, आणि आत भाडेकरू दुसराच. आणि हे कुणाला सांगायचं, सांगितलं तर म्हणतील अरे साधा पिक्चर आहे. साधा नाहीये. माझ्याकडे असं फक्त माझं फार काही नाहीये, त्यातलं एक गेलं. पाणी प्यायलो, परत बसलो. थोडं रडूही आलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग एकदम आठवलं. तो आवाज माझा नव्हताच. दादाचा होता. पहिल्यांदा त्यानेच वाचून दाखवलेलं, रोजनिशीच्या ओळी, नाक चोंदल्यासारखा आवाज काढून, मला घाबरवायला. मी तोच घेतला आणि इतकी वर्षं आपला म्हणून मिरवला. म्हणजे आमच्याकडेही सेकंडहँडच माल. दादाचा विषय आज नको.

पण मग हसायला आलं. रात्री अडीचला एकटाच हसतोय.

सकाळ, साडेनऊ. पुरवणी. उठून बाहेर आलो तर भाचा जमिनीवर पालथा पडून पुस्तक वाचतोय. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर हात वर करून थांब अशी खूण. तिसऱ्या भागावर होता. थोड्या वेळाने वर न बघताच म्हणाला, "हा पेपरवाला किती बडबडतो. पिक्चरमधे कुठं होता हा?"

"नव्हता. म्हणजे असून नसल्यासारखा."

"तरीच. रोरशाकला पिक्चरवालाच आवाज येतोय मला. याला मात्र वेगळाच येतोय."

"कुणाचा?"

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग परत पानाकडे. "चिडणार नाहीस ना? तुझा."

मी चिडलो नाही. म्हणजे थोडा. पुढे त्या म्हाताऱ्याचं काय होतं ते मात्र त्याला सांगितलं नाही, अजून आठ भाग जायचेत त्याला तिथं पोचायला.